खुर्द्यातसुद्धा बाई नाही

मैत्रिणींनो, विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचून डोळे पुसले नाहीत अशा तुमच्यात फार थोड्या असतील. कादंबरी १९८८ सालची, पण आमच्या खराडीच्या गटात यंदा सामुदायिक वाचनाला घेतली तेव्हाही पदर डोळ्यांना लागलेच. धुणीभांडी करून आलेल्या, आयटी पार्कातल्या पाळण्या सांभाळणाऱ्या, दोन निवृत्त शिक्षिका, सगळ्याच रडल्या. मग एकीने विचारलं, "रडलो खरं, पण कुणासाठी?" भाऊसाठी, विश्वासरावासाठी, इब्राहीमखान गारद्यासाठी. आणि छावणीतल्या बायका? त्यांच्यासाठी जे रडू येतं ते मराठ्यांची अब्रू गेली म्हणून. त्या बायकांचं स्वतःचं काय गेलं, ते या अश्रूंत वाहून जातं. माझा आक्षेप या रडण्याला आहे.

पाटलांनी भाऊवरचा डाग पुसला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण बायकांवरचा डाग? 'बायकांचं लटांबर बरोबर नेलं म्हणून पानिपत झालं' हे वाक्य शाळेपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येतं. जणू या बायकांनी पुण्यात बैठक घेऊन उत्तरेची मोहीम ठरवली होती! सरदारांनी कुटुंबं बरोबर नेली. काशी-प्रयाग घडेल म्हणून यात्रेकरू फौजेच्या आसऱ्याने निघाले. निर्णय पुरुषांचे. उपासमार मात्र सगळ्यांची. नोव्हेंबर १७६० पासून अडीच महिने छावणी कोंडलेली होती, दाणा संपत आला होता. त्या दिवसांत जातं कोण ओढत होतं आणि शेवटची भाकरी कुणाच्या ताटात पडत होती, हे कुठल्या कागदात शोधायचं?

१४ जानेवारी १७६१ नंतर दक्षिणेत आलेली सावकाराची सांकेतिक चिठ्ठी आपल्याला तोंडपाठ असते. तीत मेलेले पुरुष मोती झाले, मोहरा झाले, अगदी साधे शिपाईही रुपये आणि खुर्दा झाले. धरून नेलेल्या बाईसाठी मात्र या हिशेबात एक दिडकीही नाही. तिची मोजदाद केली ती इतरांनी. गुलाम झालेल्या बायकामुलांचा सांगितला जाणारा आकडा २२ हजारांच्या घरातला आहे. आकडा खरा-खोटा इतिहासकारांनी ठरवावा. आपल्या सावकाराला तो मांडावासा वाटला नाही, एवढं मला पुरेसं आहे.

आणि इथे एक सावधगिरी. या बायकांचं दुःख हल्ली भाषणांत फार वापरलं जातं, शेजारच्या मोहल्ल्याकडे बोट दाखवण्यासाठी. अशा वक्त्यांना विचारा, पेशवाईत कुणबिणी विकल्या-विकत घेतल्या जात होत्या, त्या कुठल्या अब्दालीने पकडल्या होत्या? बाईचा बाजार दोन्हीकडे होता. पळून आलेल्यांना अन्नवस्त्र दिलं ते सूरजमल जाटाने. त्यांच्यापैकी किती जणींना माहेरने आणि सासरने उंबऱ्याच्या आत घेतलं, हे मात्र कुणी विचारत नाही. १९७१ नंतर बांगलादेशाने अत्याचारित स्त्रियांना 'वीरांगना' अशी पदवी दिली, तरी कितीतरी घरांची दारं बंदच राहिली. पदवी देणं सोपं, भाकरीला बसवणं अवघड.

या सगळ्यात मला पार्वतीबाई फार महत्त्वाची वाटते. भाऊची बायको. ती जिवंत परत आली आणि नवरा मेला हे तिने मानलं नाही. १७८३ मध्ये मरेपर्यंत ती सौभाग्यवतीच्या वेषात राहिली. मधल्या काळात भाऊचा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याला मारलं, त्यावर नाटकं झाली. आपण याला पतिनिष्ठा म्हणतो आणि पुन्हा डोळे पुसतो. पण जरा दुसऱ्या बाजूने पाहा. ब्राह्मणी पुण्यात, केशवपनाच्या काळात, एक बाई बावीस वर्षं म्हणते की मी विधवा नाही, आणि भटभिक्षुकांना ते चालवून घ्यावं लागतं. हे नुसतं प्रेम होतं की अंगावर वस्तरा फिरू न देण्याचा निर्धारही होता? उत्तर कागदात नाही. प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आणि हेही विसरू नका, की ती पेशव्यांच्या घरची होती म्हणून हे चाललं. ज्या शिलेदाराचं प्रेत सापडलं नाही त्याच्या बायकोने कुंकू ठेवायचं की पुसायचं? काश्मिरात आज अशा स्त्रियांना 'अर्धविधवा' म्हणतात. आपल्याकडे त्यांना नावही नव्हतं.

खराडीहून नगर रस्त्याने पुढे गेलं की कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ ला तिथे दिवसभर लढाई झाली, तीही गावाच्या गल्ल्यांतून. दरवर्षी आम्ही जयस्तंभाला वंदन करायला जातो, पुढेही जाऊ. त्यावर शिपायांची नावं कोरलेली आहेत, तो मान त्यांनी मिळवलेला आहे. पण ज्या घरांच्या भिंतींआडून गोळ्या सुटल्या, त्या घरांतल्या चुली त्या दिवशी कोणी विझवल्या आणि पोरं काखेला मारून कुठे लपल्या?

म्हणून सर्व गटांना विनंती. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्यांना लढाईच्या, स्वारीच्या, पलटणीत गेलेल्या नवऱ्याच्या जात्यावरच्या ओव्या विचारा. सांगणारीचं नाव घालून, तिच्या परवानगीने, जशाच्या तशा लिहून पाठवा. शुद्धलेखन सुधारू नका.