जिंकलेल्या वकिलाचा उतरलेला चेहरा

बॉस्टनमधल्या बचावपक्षाच्या वकिलांवरची ‘द प्रॅक्टिस’ ही अमेरिकी मालिका १९९७ ते २००४ अशी आठ पर्वे चालली; १९९८ आणि १९९९ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. तिच्यातले वकील खटला जिंकतात तेव्हाही बऱ्याचदा त्यांचे चेहरे उतरलेले असतात, आणि मालिकेचे खरे म्हणणे तिथेच आहे. बचावाला दुसरे काही उरले नाही की ते ‘प्लॅन बी’ काढतात: ज्युरीसमोर संशयाचे बोट भलत्याच माणसाकडे वळवायचे, मग तो निर्दोष का असेना. ही तर लबाडीची भलामण, असा आक्षेप कुणी घेईल. पण गुन्हा निःसंशय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची असते. वकीलच आधी न्यायाधीश होऊन बसला, तर निरपराध आरोपीलाही वाली उरणार नाही. मालिकेचा कर्ता डेव्हिड केली याने स्वतः बॉस्टनमध्ये वकिली केलेली. तो या तत्त्वाची बाजू घेतो, पण त्याची किंमत लपवत नाही. बचाव हा आरोपीचा हक्क आहे. तो मिळवून देणाऱ्याचे हात स्वच्छ राहतील, याची हमी मात्र कुठलाही कायदा देत नाही.