पैशामागचा पैसा

आपल्या समाजातील अनेक पेढ्यांकडे अलीकडे ‘प्रायव्हेट इक्विटी’ संस्थांची विचारणा होऊ लागली आहे. धंदा चालता आणि हिशेब स्वच्छ असला की कोणीतरी हिश्शाची किंमत सांगत येतो, आणि मग घरात जी चर्चा होते ती त्या किमतीचीच. आलेला पैसा मुळात कोणाचा आणि तो किती काळ थांबू शकतो, हा प्रश्न मागे पडतो. त्याचे महत्त्व लंडनच्या ‘थ्री आय’ या संस्थेच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. (मुंबईची थ्री आय इन्फोटेक ती ही नव्हे; तिचे मूळ आयसीआयसीआयमध्ये आहे.)

१९२९ साली ब्रिटिश सरकारने ह्यू मॅकमिलन या कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली अर्थपुरवठा व उद्योग यांविषयी एक समिती नेमली. अर्थशास्त्रज्ञ केन्स आणि कामगार नेते अर्नेस्ट बेव्हिन तिचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात समितीने एका उणिवेवर बोट ठेवले. मध्यम कारखानदाराची गरज बँकेच्या अल्प मुदतीच्या कर्जाने भागत नाही आणि शेअर बाजारात उतरण्याइतका तो मोठा नसतो. सुमारे दोन लाख पौंडांपर्यंतचे दीर्घ मुदतीचे भांडवल त्याला मिळणार कोठून? ही उणीव पुढे ‘मॅकमिलन दरी’ म्हणून ओळखली गेली.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे निदान परके वाटत नाही. ठेवीदाराचा पैसा मागताक्षणी परत करावयाचा असतो. म्हणून बँक गोदामातील माल आणि बाजारातील येणे पाहून खेळते भांडवल देते. पंधरा वर्षे यंत्रांत अडकून पडणारी रक्कम देताना तिचा हात आखडतो. यात शाखाधिकाऱ्याचा दोष थोडा, पैशाच्या स्वभावाचा अधिक.

दरी दिसल्यावर ती बुजवण्यास चौदा वर्षे लागली. १९४५ मध्ये बँक ऑफ इंग्लंड व मोठ्या व्यापारी बँकांनी मिळून ‘इंडस्ट्रियल अँड कमर्शियल फायनान्स कॉर्पोरेशन’ स्थापन केले. बँकांनी भांडवल दिले, पण फारशा उत्साहाने नव्हे. आपल्याच पैशावर आपला प्रतिस्पर्धी उभा राहतो, ही शंका त्यांच्या मनात होती. संस्थेचे भागभांडवल दीड कोटी पौंड होते आणि एका उद्योगाला पाच हजारांपासून दोन लाख पौंडांपर्यंत रक्कम देण्याची मर्यादा होती. पहिले अध्यक्ष विल्यम पीअर्सी. कार्यपद्धती साधी होती : काही रक्कम दीर्घ मुदतीचे कर्ज म्हणून द्यावयाची, काही भागांच्या रूपाने, आणि बहुधा अल्पांश हिस्सा घेऊन कारभार कुटुंबाच्याच हाती ठेवावयाचा. हिस्सा अमुक वर्षी विकलाच पाहिजे, असे बंधन नव्हते.

तिच्या कामातील मला सर्वांत विचारणीय वाटलेला भाग मृत्युकराशी निगडित आहे. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये सर्वांत मोठ्या मालमत्तांवर हा कर ८० टक्क्यांपर्यंत गेला होता. कर्ता पुरुष गेला की खासगी कंपनीतील त्याच्या भागांचे मूल्य ठरे आणि वारसांना कर रोखीने भरावा लागे. भागांना बाजारात गिऱ्हाईक नसल्याने पुष्कळदा अख्खी कंपनीच विकणे भाग पडे. यावर उपाय म्हणून १९५० च्या दशकाच्या आरंभी संस्थेने ‘इस्टेट ड्यूटीज इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’ उभा केला. तो अल्पांश भाग विकत घेई, वारस कर भरत, आणि पेढी घरातच राही. आपल्याकडेही १९५३ ते १९८५ या काळात मृत्युकर होता. तो आता नाही. तरी भावाभावांच्या वाटणीत एकाला रोख हवी आणि दुसऱ्याला दुकान, हा पेच तसाच आहे.

पुढे १९७३ मध्ये एका भगिनी-संस्थेचे विलीनीकरण झाले, १९८३ मध्ये ‘इन्व्हेस्टर्स इन इंडस्ट्री’ आणि त्यावरून ‘थ्री आय’ हे नाव आले, आणि १९९४ मध्ये तिचे भाग लंडनच्या बाजारात नोंदले गेले. बँका मालक म्हणून बाजूला झाल्या. संस्थेने इतरांचा पैसा मुदतबंद फंडांतून गोळा करून मोठे, बहुमताचे हिस्से घेण्यावर भर दिला. अशा फंडाचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. पहिल्या काही वर्षांत खरेदी, उरलेल्यांत विक्री. म्हणजे भागीदार घरात येतो तोच परतीच्या तारखेसह. करारनाम्यात बहुधा असेही कलम असते की फंडाने विकले तर कुटुंबालाही आपले भाग त्याच गिऱ्हाइकाला विकावे लागतील. सही करण्यापूर्वी हे कलम घरातील मोठ्यांनी स्वतः वाचावे. वकिलावर सोडू नये.

या वाटेवर ठेचाही लागल्या. नव्या शतकाच्या आरंभी तंत्रज्ञान कंपन्यांचा फुगा फुटला. २००८ च्या संकटानंतर कर्ज हलके करण्यासाठी २००९ मध्ये भागधारकांकडून ७३.२ कोटी पौंड घ्यावे लागले. २०१२ मध्ये सायमन बॉरोज यांनी सूत्रे हाती घेतली आणि अनेक कार्यालये बंद केली.

त्यांच्या आगमनापूर्वीच, २०११ मध्ये, संस्थेने आणि तिच्या फंडाने ‘ॲक्शन’ या नेदरलँड्समधील स्वस्त मालाच्या दुकानसाखळीत हिस्सा घेतला होता. तेव्हा दुकाने अडीचशेच्या आसपास होती; आज ती तीन हजारांच्या घरात आहेत. फंडाची मुदत संपत आली तेव्हा नेहमीच्या रीतीने साखळी विकावी लागली असती. थ्री आयने २०२० च्या आरंभी फंडातील ज्यांना निघायचे होते त्यांना रक्कम मिळण्याची सोय केली, आणि स्वतः थांबून आपला हिस्सा वाढवला. हे साधले ते तिच्यापाशी स्वतःचे भांडवल होते म्हणून. बाजारातील भागधारकाला जायचे असेल तर तो आपला भाग दुसऱ्याला विकून जातो, कंपनीतील पैसा हलत नाही.

आज थ्री आयच्या गुंतवणुकीपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक मूल्य या एकाच साखळीत आहे. शेकडो लहान कारखान्यांत थोडेथोडे गुंतवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेची ही स्थिती आमच्या काळच्या कोणत्याही कर्जमंजुरी समितीने लाल शाईने अधोरेखित केली असती.