आधी अंगाचे माप, मग सायकल

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने सायकलीवर कशाला लिहावे, असे वाचकांना वाटेल. कारण घरातलेच आहे. माझ्या भाच्याने ट्रायथलॉनसाठी मोठ्या शहरातून दीड लाखाची सायकल आणली. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, अशी ही तीन टप्प्यांची शर्यत. दुकानदाराने त्याची उंची विचारली, तक्त्यावर बोट फिरवले आणि ‘मीडियम’ साइज काढून दिली. पाच मिनिटांत सौदा आटोपला. पुढे सरावाला लागल्यावर मुलाच्या करंगळ्या बधिर होऊ लागल्या, मान आखडू लागली, आणि सायकलीवरून उतरून धावू लागला की कंबर सरळ होईना. मी म्हटले, ‘‘दुकानदाराला विचार.’’ तर म्हणतो कसा, ‘‘मामू, सायकल दीड लाखाची आहे. कसूर माझ्या अंगाचाच असेल.’’

हे बोलणे मला खटकले. लग्नाची शेरवानी मुंढ्यात आवळली, तर आपला खांदा चुकला असे कोणी म्हणत नाही. गिऱ्हाईक मास्टरकडे परत जाते आणि मास्टर मुकाट्याने शिलाई उसवतो. मग सायकलीच्याच बाबतीत माणसाने आपले अंग का कोसावे? तेव्हापासून या विषयाची मी माहिती काढली. व्यापारी आणि कारागीर बंधूंच्याही कामाची आहे, म्हणून येथे मांडतो.

ट्रायथलॉनची लांब शर्यत ‘आयर्नमॅन’ 1978 साली हवाईत सुरू झाली. तीत 3.8 किलोमीटर पोहायचे, 180 किलोमीटर सायकल चालवायची आणि 42.2 किलोमीटर धावायचे. 2019 साली गोव्यात तिची अर्धी शर्यत झाली, तेव्हापासून आपल्याकडच्या तरुणांना तिची ओढ लागली आहे. अर्धी म्हणजे 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सायकल संपली म्हणजे शर्यत संपली नाही, धावणे अजून बाकी आहे. म्हणून सायकलीवर किती वेग मिळाला एवढेच पाहून भागत नाही. माणूस कोणत्या अवस्थेत खाली उतरला, तेही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. ऑलिंपिकच्या छोट्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे लपून सायकल हाकता येते, लांब शर्यतीत ती मुभा नसते. प्रत्येकाने आपला वारा आपण कापायचा. सपाट रस्त्यावर वेगात जाताना बहुतेक ताकद वाऱ्याशी झगडण्यात जाते, आणि हा वारा सायकलीपेक्षा स्वाराच्या अंगालाच जास्त अडतो. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणून स्वार कोपरे गादीवर टेकून, हात पुढे घेऊन वाकतो. त्यासाठीच्या लांब दांड्यांना एरोबार म्हणतात.

या दांड्यांची करामत जगाने 1989 साली पाहिली. फ्रान्सच्या मोठ्या सायकल शर्यतीत शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्योंच्या 50 सेकंद मागे होता. त्या दिवशीच्या 24.5 किलोमीटरच्या टप्प्यात लेमाँडने एरोबार लावले, फिन्योंने लावले नाहीत. लेमाँडने सगळी शर्यत 8 सेकंदांनी जिंकली. ट्रायथलॉनवाले हे दांडे त्याच्या आधीपासून वापरत होते.

घोटाळा होतो तो येथेच. पोरे बाजारातून एरोबार आणतात आणि साध्या रेसिंग सायकलीवर बसवतात. पण त्या सायकलीत सीटचा पाइप जमिनीशी साधारण 73 अंशांत कललेला असतो, म्हणजे सीट बरीच मागे असते. तसेच वाकले की मांडी पोटाला भिडते, पाठ कमानीसारखी होते, श्वास पुरत नाही. ट्रायथलॉनच्या सायकलीत हा पाइप 76 ते 80 अंशांपर्यंत उभा असतो. सीट पुढे येते आणि सगळे अंग क्रँकच्या आसाभोवती पुढे फिरते. स्वार खाली वाकलेला दिसतो, तरी मांडी आणि धड यांच्यामधली जागा मोकळीच राहते. ही मोकळीक धावताना कामी येते. आपल्या धंद्यात बोलायचे तर कापड ओढून माप बसवू नये, कटिंगच वेगळी करावी.

माप घेण्याचा क्रम असा. पहिल्यांदा सीटची उंची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, पायांमध्ये पुस्तक घट्ट धरावे आणि जमिनीपासून वरपर्यंत माप घ्यावे. त्याला 0.883 ने गुणले की क्रँकच्या आसापासून सीटच्या वरपर्यंतची उंची मिळते. माप 80 सेंटिमीटर असेल तर सीट 70.6 सेंटिमीटरवर येईल. ही कच्ची शिलाई समजावी. पक्के माप स्वाराला सायकलीवर बसवूनच ठरते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला असावा. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला किंवा चालवताना कुल्ले डोलू लागले तर सीट वर आहे.

मग सीट पुढे घ्यावी, आणि हँडल सर्वांत शेवटी ठरवावे. कोपरे साधारण काटकोनात टेकावीत, वजन हाडावर यावे, खांद्याच्या स्नायूंवर लटकू नये. हँडल किती खाली, याला एकच कसोटी: शर्यतीइतका वेळ त्या बैठकीत राहता आले पाहिजे. दर दहा मिनिटांनी मान सोडवायला उठावे लागत असेल, तर खाली वाकून वाचवलेला वारा उठताच परत आला. क्रँकची लांबीही पाहावी. ती 5 मिलिमीटरने, म्हणजे सुमारे दीड सुताने, कमी केली की पाय वरच्या टोकाला तेवढा खाली येतो. सीटही तेवढीच वर घ्यावी लागते, म्हणून कमरेला एकूण 10 मिलिमीटर मोकळीक मिळते. एका वेळी एकच फरक करावा, जुन्या जागी खूण करून ठेवावी, आणि चार दिवस चालवून मगच दुसऱ्या फरकाला हात घालावा. एरोबार धरलेले असताना ब्रेक हाताखाली नसतात, म्हणून गर्दीच्या रस्त्यावर ते धरू नयेत.

आता माझे मत. सायकलीच्या बाजारात आज माल विकला जातो, माप विकले जात नाही. हा क्रम उलटा हवा. फ्रेम उंच-ठेंगणी, लांब-आखूड असते, आणि एका कंपनीची मीडियम दुसरीच्या मीडियमला जुळेलच असे नाही. एकाच उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचे धड लांब, हे कोणताही शिंपी सांगेल. म्हणून गिऱ्हाईकाने आधी मापाचे पैसे द्यावेत आणि मग सायकल घ्यावी. सीट आणि हँडल थोडेफार हलते, फ्रेम हलत नाही. लाखाच्या मालापुढे मापाची मजुरी जड वाटू नये.

काही जण म्हणतात, सवय झाली की अंगवळणी पडते. नवा जोडा चावतो आणि मग बसतो, हे खरे आहे. पण नंबरच चुकलेला जोडा वर्षभर घातला तरी चावतोच. बधिर बोटे आणि दुखरा गुडघा यांना सवयीचे नाव देऊ नये.

कारागीर बंधूंना विशेष सांगणे आहे. या कामाला लागणारी हत्यारे थोडीच आहेत: इंच-टेप, ओळंबा, पाणसळ, कोनमापक, सायकल जागेवर धरणारा स्टँड आणि बाजूने चित्रण करायला मोबाइल. यापेक्षा मोठी पुंजी नजर आणि सबुरी, आणि ती आपल्या मिस्त्री-शिंप्यांकडे आधीपासून आहे. सायकल दुरुस्त करणाऱ्या मुलाने हे शास्त्र रीतसर शिकावे आणि मापाची मजुरी वेगळी, उघडपणे सांगून घ्यावी. आपण हुन्नर फुकट देतो आणि नफा मालात शोधतो, ही आपली जुनी खोड आहे. फुकट दिलेल्या मापाची किंमत गिऱ्हाईकही करत नाही.

भाच्याची हकिकत पुरी करतो. एका जाणत्या मिस्त्रीने त्याला तासभर बसवून माप घेतले. सीट पुढे-वर केली, हँडल वर घेतले, क्रँक आखूड टाकला. बोटे सुधारली, पण मिस्त्रीने साफ सांगितले, ‘‘फ्रेमच मोठी आहे, बेटा. याच्यापुढे माझा हात नाही.’’ शेवटी ती सायकल चाळीस हजार तोट्याने विकली आणि लहान मापाची जुनी घेतली. आता तो उतरल्यावर सरळ धावतो. मिस्त्रीने मजुरी हजार रुपये मागितली होती. तोच हजार आधी खर्च केला असता, तर चाळीस वाचले असते.