‘खाली मार’ आता बंद करा

भंडारा जिल्ह्यात शालेय सॉफ्टबॉलचा सामना बघायला उभे राहा. मैदानाच्या कडेने दोन शब्द सारखे कानावर पडतील : खाली मार. ओरडणारे बहुतेक आम्ही क्रीडाशिक्षकच असतो. बॅट खांद्यावरून तिरपी खाली आणायची, चेंडू जमिनीवर आपटायचा आणि पहिल्या बेसकडे जीव घेऊन पळायचं. १४ वर्षांखालच्या पोरांना बॅटिंग म्हणून एवढंच शिकवलं जातं. लाखांदूर तालुक्यात पोरांना खेळवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि माझं मत असं की या शिकवणीने सामना हाती लागतो, पण बॅटर तयार होत नाही.

सामना का हाती लागतो, हेही सांगितलं पाहिजे, कारण असं शिकवणारे माझे सहकारी काही अडाणी नाहीत. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. आमच्याकडे तेव्हा रोवणी नुकतीच आटोपलेली असते, बांध्या पाण्याने भरलेल्या आणि शाळेचं मैदानही त्यांच्याच जातीचं. अशा मैदानावर जमिनीलगत गेलेला चेंडू चिखलात थबकतो. उचलणाऱ्याचा पाय घसरतो, ओला चेंडू हातातून निसटतो, घाईने फेकला तर पहिल्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून जातो. मारणारा तोवर दुसऱ्या बेसवर पोचलेला असतो. उंच चेंडू मात्र झेलला जाण्याची भीती. टेनिस बॉल क्रिकेट खेळून वाढलेली आमची पोरं झेल सहसा सोडत नाहीत. तेव्हा ‘खाली मार’ हा हिशेब जिल्ह्यापुरता बरोबर बसतो.

तोच संघ नागपूर विभागाच्या स्पर्धेत जातो. तिथे मैदान सपाट, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) सरावलेला, त्याच्या हातात स्वतःचा ग्लोव्ह. चेंडू दोन टप्प्यांत त्याच्याकडे जातो, तिथून पहिल्या बेसकडे, आणि आमचा पोरगा अर्ध्या वाटेत आउट. बेसमधलं अंतर ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर आहे, आणि चेंडू माणसापेक्षा जोरात पळतो. परतीच्या गाडीत एक पोरगा मला म्हणाला होता, “सर, मी त् खालीच मारलो न जी.” त्याचं काही चुकलं नव्हतं. जे शिकवलं तेच त्याने केलं होतं.

आता चेंडूचं बघू. सॉफ्टबॉलमध्ये पिचर कमरेजवळून, खालून हात फिरवून चेंडू टाकते. मुलींच्या मोठ्या गटात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पिचर पाऊल पुढे टाकूनच चेंडू सोडते, म्हणून चेंडूचा हवेतला प्रवास १२ मीटरच्या आसपास धरू. शाळेतली साधी पिचर ताशी ५० किलोमीटरने टाकते असं माना. चेंडूला पोचायला ०.८६ सेकंद लागतात. कमरेच्या उंचीवरून सुटून कमरेच्याच उंचीवर यायचा तर त्याला आधी वर चढून मग उतरावं लागतं, आणि बॅटजवळ तो सुमारे १७ अंशांनी खाली उतरत असतो. हे काही अमेरिकेतलं गुपित नाही, दहावीच्या विज्ञानातल्या गुरुत्वाकर्षणाची बेरीज-वजाबाकी आहे. तेच ताशी ९० किलोमीटरच्या चेंडूला लावा : वेळ अर्ध्या सेकंदाहून कमी आणि उताराचा कोन जेमतेम ५ अंश.

म्हणजे पिचर जितकी लहान, तितका तिचा चेंडू हळू, आणि तितकाच तो तीव्र उतरतो. उतरत्या चेंडूवर वरून खाली येणारी बॅट त्याची वाट एकाच ठिकाणी कापते. क्षणभर आधी फिरवली तरी हुकते, क्षणभर उशीर झाला तरी हुकते. चेंडू उतरतो त्याच रेषेत बॅट किंचित वर चढत सामोरी गेली, तर ती बराच वेळ चेंडूच्या वाटेवर राहते आणि वेळ थोडी चुकली तरी फटका लागतो. ज्या वयात पोरांची वेळ सर्वात जास्त चुकते, त्याच वयात आम्ही त्यांना चूक न खपणारा स्विंग देतो. सातवीतल्या एका मुलीने मला हे कोणत्याही आकडेमोडीशिवाय विचारलं होतं : “बॉल वरतून येते, मंग मी बी वरतूनच काहून मारू जी?”

बेसबॉलवाल्यांनी हा वाद फार पूर्वी घातलेला आहे. बोस्टनच्या टेड विल्यम्सने १९४१ साली यशस्वी फटक्यांची .४०६ ही सरासरी गाठली होती आणि १९७० च्या ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या पुस्तकात त्याने बॅट किंचित वर चढती ठेवा, कंबर आधी फिरवा, हात मागून येतील, असं मांडलं. चार्ली लाऊ हा प्रशिक्षक दुसऱ्या बाजूचा. त्याचा भर मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर नेण्यावर आणि बॅट चेंडूतून पुढे काढण्यावर. त्याचा शिष्य जॉर्ज ब्रेट १९८० मध्ये .३९० पर्यंत गेला, म्हणजे लाऊलाही वेड्यात काढता येत नाही. पुढे चेल्यांनी दोन पंथ केले, एक कंबर फिरवणाऱ्यांचा, दुसरा सरळ पुढे जाणाऱ्यांचा. मला विचाराल तर पाऊल टाकेपर्यंत लाऊ आणि पाऊल टेकल्यावर विल्यम्स. वजन पुढे आलं नाही तर फिरायला जोर नाही, आणि पुढचा पाय घट्ट रोवला नाही तर कंबर कशाभोवती फिरणार? पण एक गोष्ट ध्यानात घ्या : दोघांपैकी कोणाचीही शैली घेतली, तरी त्यातून बॅटने चेंडू जमिनीत ठोकणं निघत नाही.

आमच्या पोरांकडे एक भांडवल आहे, त्याकडे आम्हीच काणाडोळा करतो. क्रिकेट. सॉफ्टबॉलला आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, क्रिकेट विसर. कशाला विसरायचं? उजव्या हाताने खेळणाऱ्या पोराचा डावा हात दोन्ही खेळांत मुठीच्या टोकाकडेच असतो. क्रिकेटात बॅट खाली लोंबते म्हणून त्याला वरचा हात म्हणतात, सॉफ्टबॉलमध्ये बॅट वर उभी म्हणून तोच खालचा होतो. हात बदलायची गरज नाही. आणि धान कापून झाल्यावर कोरड्या बांधीत पोरं जो आडव्या बॅटचा, मिडविकेटवरून भिरकावलेला फटका मारतात, तो बघा. पुढचा पाय बाजूला, कंबर आधी उघडते, छाती मागून, हात सर्वात शेवटी. क्रिकेटचे शिक्षक त्याला ‘आडवाटेचा’ म्हणून नावं ठेवतात, आमच्या खेळात तो निम्मा झालेला स्विंग आहे.

उरलेला निम्मा शिकवावा लागतो, हे खरं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टप्पा घेत नाही, प्रत्येक चेंडू फुलटॉस. त्यामुळे टप्प्याची वाट बघणाऱ्या पोराचा हात उशिरा सुटतो. दुसरं, क्रिकेटात मागे कुठेही मारा, धाव मिळते. इथे दोन फाउल रेषांच्या मधला ९० अंशांचा तुकडाच आपला. बाहेरचा चेंडू ओढून डावीकडे मारायचा हट्ट धरला की तो फाउल तरी जातो किंवा बॅटच्या टोकाला लागून मरतो. बाहेरचा चेंडू थोडा उशिरा, उजवीकडे मारायचा, एवढं पटायला क्रिकेटच्या पोराला एक हंगाम जातो. मुली हे लवकर शिकतात. माझा तर्क असा की गावात त्यांच्या हातात कोणी लहानपणी बॅट दिलेलीच नसते, त्यामुळे मोडायला सवयही नसते.

मुलींच्या वाट्याला मात्र दुसरा शॉर्टकट येतो. अंगाने हलकी, पळायला चपळ मुलगी दिसली की तिला डावखुऱ्यांच्या बाजूला उभी करा, पळत पळत चेंडूला बॅट लावायला शिकवा. याला स्लॅप म्हणतात. डावखुऱ्यांचा बॉक्स पहिल्या बेसला जवळ, त्यात पळत सुटल्याने आणखी पावलं वाचतात. उच्च दर्जाची कला आहे ही. अमेरिकेची नताशा वॉटली याच जोरावर २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण आणि २००८ चं रौप्य जिंकलेल्या संघात होती. त्याच दोन्ही संघांत क्रिस्टल बुस्टोस होती, पूर्ण ताकदीने कंबर फिरवून चेंडू कुंपणापार करणारी. २००८ चा अंतिम सामना जपानने ३-१ ने जिंकला, त्यात अमेरिकेची एकमेव धाव बुस्टोसच्या होम रनची. संघाला दोघी लागतात. पण वॉटली कोण आणि बुस्टोस कोण, हे आम्ही बाराव्या वर्षी वजनकाट्यावर ठरवतो. ज्या मुलीने कधी पूर्ण स्विंग घेतलाच नाही, तिच्यासाठी क्षेत्ररक्षक चार पावलं पुढे येऊन उभे राहतात, आणि मग स्लॅपला जागाच उरत नाही. आधी पूर्ण स्विंग, मग हवा तर स्लॅप. उलट क्रमाने शिकलेली मुलगी मी यशस्वी झालेली पाहिली नाही.

एवढं लिहून झाल्यावर ‘खाली मार’चं खरं कारण सांगतो, ते बॅटच आहे. बहुतेक शाळांत एकच ॲल्युमिनियमची बॅट असते, ३४ इंची, म्हणजे नियमात बसणारी सर्वात लांब. वजन पाऊण किलोच्या वर. १७ आणि १९ वर्षांखालच्या गटासाठी घेतलेली, तीच सहावीच्या पोराच्या हातात. ती त्याच्याने फिरवली जात नाही, फक्त पडू दिली जाते. मग वरून खाली पडू देण्यालाच आम्ही शैली म्हणतो! साधी परीक्षा आहे : पोराला एका हाताने बॅट बाजूला आडवी धरायला सांगा. वीस आकडे मोजेपर्यंत हात थरथरला तर ती बॅट त्याची नाही. २८-३० इंची हलकी बॅट मिळते, नागपूरला सांगून ठेवली की येते. बाकीचं सामान इथेच आहे. पीव्हीसी पाइपवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला की चेंडू ठेवायला टी तयार होते. तणस भरून शिवलेलं बारदान झाडाला टांगलं की दिवसभर ठोका. नेटसाठी तलावावरच्या ढिवर मंडळींकडून फाटकं जाळं मागून आणा, चेंडू अडवायला ते पुरतं.

पालकांशीही बोलावं लागेल. दोन एकर धानाच्या घरात खेळाचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. ते मागण्यात काही गैर नाही. पण नोकरीच्या उपयोगाचं प्रमाणपत्र राज्य-राष्ट्रीय पातळीवर मिळतं, आणि तिथे पोचायला चेंडू बाहेरच्या मैदानात मारता यावा लागतो. चिखलातल्या जिल्हा विजेतेपदासाठी १३ वर्षांच्या पोराचा स्विंग कापणं हा त्या घराच्याही तोट्याचा सौदा आहे.

म्हणून माझ्या सहकाऱ्यांना विनंती. येत्या हंगामात १४ वर्षांखालच्या गटात कडेला उभे राहून ‘खाली मार’ ओरडू नका. पोरगं पूर्ण स्विंग घेऊन तीनदा हुकलं तरी त्याला पुढच्या डावात त्याच जागी पाठवा. आणि मुख्याध्यापकांनी यंदाच्या क्रीडा साहित्याच्या यादीत सर्वात वर एक ३० इंची हलकी बॅट लिहावी, कबड्डीच्या मॅटचं नंतर बघता येईल.