कार्ड घेण्याआधी सेटिंग उघडा

मागच्या लगीनसराईत शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा मोटारसायकलवर सीपीयू बांधून माझ्याकडे साताऱ्याला आला. १ तास ४० मिनिटांच्या लग्नाच्या व्हिडिओला मशीन ११ तासांचं रेंडर दाखवत होतं. दोन रात्री त्यानं ते चालू ठेवलं आणि दोन्ही वेळा पहाटे वीज गेली, एक्स्पोर्ट अर्ध्यावर तुटला. “ताई, ग्राफिक्स कार्डच बदलतो. पतसंस्थेत अर्ज टाकलाय,” म्हणाला.

मी दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या प्रोजेक्टची सेटिंग्ज उघडली. ‘फ्रेम इंटरपोलेशन’खाली रीटाइम प्रोसेस ‘ऑप्टिकल फ्लो’वर होती, मोशन एस्टिमेशन ‘एन्हान्स्ड बेटर’वर. क्लासमध्ये त्याला सांगितलं होतं, सगळ्यात चांगली क्वालिटी हीच, कायमची लावून ठेव. मी ते ‘निअरेस्ट’वर आणलं. तोच व्हिडिओ त्याच मशीनवर दीड तासाच्या आत बाहेर पडला. अर्ज त्यानं मागे घेतला.

गंमत म्हणून नव्हे, कळकळीनं सांगते: गावोगावची मुलं अशा एका ओळीपायी कर्ज काढतात. कुणी त्यांना ती ओळ नीट समजावत नाही.

त्याच्या टाइमलाइनवर सेकंदाला २५ फ्रेम्स होत्या. आपल्याकडे टीव्हीच्या पाल पद्धतीपासून आणि ५० हर्ट्झच्या विजेपासून हा आकडा चालत आला आहे. पण त्यात जवळजवळ ४० मिनिटांच्या क्लिप्स नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या होत्या आणि मोबाइल सहसा ३० फ्रेम्सनं टिपतो. ३० चे २५ करायचे तर ‘निअरेस्ट’ सरळ दर सहावी फ्रेम सोडून देतं, हिशोब काहीच नाही. ऑप्टिकल फ्लो मात्र फ्रेम सोडत नाही. मधल्या क्षणी चित्र कसं दिसलं असतं ते तो नव्यानं रचतो. ३० वरून २५ वर येताना दर पाच फ्रेम्सपैकी एकच मूळ फ्रेमशी तंतोतंत जुळते, चार बनवाव्या लागतात. ४० मिनिटांच्या ६०,००० फ्रेम्समधल्या ४८,००० फ्रेम्स त्याचं मशीन रात्रभर बनवत बसलं होतं. त्यात स्लो मोशन एका जागीही नव्हतं.

एक फ्रेम बनवायची म्हणजे शेजारच्या दोन फ्रेम्स समोर ठेवून चित्रातला कुठला ठिपका कुठून कुठे सरकला ते शोधायचं. फुल एचडीत असे २० लाखांहून अधिक ठिपके असतात, फोर-केमध्ये त्याच्या चौपट. ‘फ्रेम ब्लेंड’ हा मधला पर्याय दोन चित्रं एकमेकांत मिसळतो. तो हलका, पण हलत्या हाताला सावली येते. प्रीमियर प्रोमध्येही हेच तीन पर्याय आहेत, तिथे निअरेस्टच्या जागी ‘फ्रेम सॅम्पलिंग’ म्हणतात.

इतका वेळ घालवून चित्र तरी खरं मिळतं का? बर्थोल्ड हॉर्न आणि ब्रायन शुंक यांनी १९८१ मध्ये ऑप्टिकल फ्लोचं गणित मांडलं, त्यात एक गृहीतक आहे: ठिपका सरकला तरी त्याचा उजेड तोच राहतो. आता आपलं लग्न डोळ्यांपुढे आणा. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, त्याच क्षणी चार फोटोग्राफर फ्लॅश मारतात. तांदळाचा दाणा चिमुकला, वेगवान, दुसऱ्या दाण्याआड जाणारा. कुठला दाणा कुठे गेला, हे सॉफ्टवेअरनं कसं ओळखावं? एका लग्नात मी नवरीच्या आजीचा अक्षता टाकतानाचा २५ फ्रेम्सचा शॉट पाव वेगावर नेला. चार फ्रेम्सपैकी तीन मशीनच्या होत्या. आजीच्या पाटल्या मनगटात वितळल्यासारख्या दिसत होत्या आणि बोटांचे पंजे झाले होते. नवरीनं तो शॉट पाहून विचारलं, “आजीच्या हाताला काय झालंय?” मी तो काढून मूळ वेगाचा लावला. आजीचा हात जसा होता तसा दिसला पाहिजे, एवढंच त्या मुलीचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं.

ऑप्टिकल फ्लो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पीटर जॅक्सननं २०१८ च्या ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’मध्ये पहिल्या महायुद्धातलं, हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यांवरचं चित्रण २४ फ्रेम्सवर आणलं, तेव्हा मधल्या फ्रेम्स बनवण्यावाचून मार्गच नव्हता. ते सैनिक पुन्हा टिपता येणार नव्हते. आपल्या हॉलमधली नवरी मात्र कॅमेऱ्यासमोर उभी असते! कॅमेरा ५० वर ठेवा, २५ च्या टाइमलाइनवर खऱ्या फ्रेम्समधूनच अर्धा वेग मिळवता येतो. १०० वर ठेवा, पाव वेग मिळतो. प्रत्येक फ्रेम खरी, आणि रेंडरवर फ्रेम बनवण्याचा बोजाच नाही. अडचण उजेडाची. १०० फ्रेम्ससाठी शटर १/५० वरून १/२०० वर गेलं की प्रकाश चौथा हिस्सा उरतो आणि काळोख्या हॉलमध्ये चित्र दाणेदार होतं. म्हणून मी तिथे ५० फ्रेम्स आणि १/१०० शटर सांगते. आपल्या विजेवरच्या दिव्यांची लुकलुकही त्यानं टळते.

एडिटिंग करणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं: प्रोजेक्ट निअरेस्टवर ठेवा. खरोखर गरज असेल त्या दोन-तीन क्लिप्सनाच इन्स्पेक्टरमधून ऑप्टिकल फ्लो लावा, लगेच ‘रेंडर इन प्लेस’ करून घ्या आणि फ्रेम-फ्रेम पुढे नेत बोटं, बांगड्या, मुंडावळ्या तपासा. क्लास चालवणाऱ्यांनी ‘सगळ्यात वरचा पर्याय निवडा’ हे शिकवणं थांबवावं.

आणि घरी कार्य असलेल्या वाचकांना एक विनंती. लग्नाच्या आठवडाभर आधी तुमच्या व्हिडिओवाल्याला बोलावून सांगा, की अंतरपाट, अक्षता, पाठवणी यांतलं काय तुम्हाला संथ गतीत हवं आहे. तो त्या वेळी कॅमेरा ५० वर ठेवेल. कार्य उरकल्यावर सांगितलंत, तर त्या फ्रेम्स त्याच्याकडे नसतील.