बातमी ईमेलने का येते? वाचकांच्या यादीसाठी!

आजकाल बातम्यांची कोणतीही वेबसाइट उघडा, एक चौकट पुढे येतेच: ‘तुमचा ईमेल द्या, रोज सकाळी बातम्या पाठवू.’ काही वर्षांपूर्वी अशा साइट्सवर नारिंगी रंगाचं एक छोटं चिन्ह असायचं. ते फीडचं. १९९९ मध्ये नेटस्केपने आणलेल्या या पद्धतीचं नाव आरएसएस. (दचकू नका, नागपूरशी याचा काही संबंध नाही.)

फीड म्हणजे चौकातला फळा. प्रकाशक बातमी लिहून मोकळा, वाचकाचं ॲप येऊन ती पाहून जातं. नाव-गाव कोणी विचारत नाही. ईमेल म्हणजे घरपोच पेपर. तुमसर-पवनीच्या पेपरवाल्याला जसं पक्कं ठाऊक असतं की कोणत्या घरी कोणता पेपर जातो आणि कोणाचं बिल थकलंय, तसंच ईमेल पाठवणाऱ्यालाही कळतं. पत्र कोणी उघडलं, कशावर बोट ठेवलं, सगळं. जाहिरातदाराला दाखवायला हाच आकडा लागतो, वर्गणी मागायलाही हीच यादी.

शिवाय दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडण्याचा धसका आहे. गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि फीड वाचणारे विखुरले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने प्रकाशकांच्या पोस्ट कमी दाखवायचं जाहीर केलं. लॉकडाऊनमध्ये पेपरच्या पीडीएफ इतक्या फिरल्या की ‘जागरण’ला (आपला ‘इन्किलाब’ही त्याच समूहाचा) २०२० मध्ये टेलिग्रामविरुद्ध दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. ईमेलची यादी मात्र प्रकाशकाची स्वतःची. उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेलं तरी यादी सोबत नेता येते.

म्हणजे प्रकाशकाचं गणित बरोबर आहे. पण ते प्रकाशकाचं गणित आहे, आपलं नाही.

आमच्या भंडाऱ्याकडे ईमेल कोण वाचतं? शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी नेट कॅफेत आयडी बनतो, पासवर्ड कॅफेवाल्याच्याच लक्षात राहतो. बातमी येते ती व्हॉट्सॲपवर. तेव्हा लहान साइट्सनी मोठ्यांचं पाहून ईमेल गोळा केले तरी हाती पडून राहिलेल्या आयडींची यादीच लागणार.

आणि यादी ही अमानत आहे. मुस्लिम समाजाच्या बातम्या नियमित वाचणाऱ्यांची नावं, मोबाइल नंबर एका जागी जमा करणं साधी गोष्ट नव्हे, आजच्या वातावरणात तर नाहीच. ती यादी चुकीच्या हाती गेली तर? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती जितकी सहज दिली तितकीच सहज परत घेता आली पाहिजे. आपल्या किती साइट्सवर तसं बटण आहे, एकदा शोधून पाहा.

मला वाटतं, ज्याला ईमेल हवा त्याला द्यावा, पण फीड बंद करू नये. पॉडकास्ट आजही त्याच्यावरच चालतात. आणि वर्डप्रेसवर बनलेल्या साइटला तर वेगळं काही करावंच लागत नाही. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ टाइप करा, बहुतेक वेळा उघडतो.