भामट्याचें उतारवय

जुन्या परदेशी चित्रपटांविषयीं आम्ही ह्या सदरांत अधूनमधून लिहितों, हें आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. ह्या खेपेस ज्या चित्रपटाविषयीं लिहावयाचें आहे, तो पाहून उठलेल्या चार माणसांचें एकमत झालेलें मात्र आमच्या पाहण्यांत नाहीं. घरच्या सर्व मंडळींसह आम्हीं तो दिवाणखान्यांत बसून पाहिला, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावरहि पानसुपारीच्या तबकाभोंवतीं त्याचाच वाद चालला होता.

चित्रपटाचें नांव ‘इल बिदोने’. इटालियन भाषेंत ‘बिदोने’ म्हणजे पिंप अथवा पत्र्याचा डबा. पण बोलीभाषेंत त्याचा अर्थ फसवणूक असा होतो. फेदेरिको फेलिनी (१९२०–१९९३) ह्यानें तो १९५५ सालीं काढला. आदल्याच वर्षीं त्याच्या ‘ला स्त्रादा’नें व्हेनिसच्या महोत्सवांत रुपेरी सिंहाचें पारितोषिक मिळविलें होतें, आणि १९५७ सालीं ‘कबिरियाच्या रात्री’ हा त्याचा दुसरा गाजलेला चित्रपट आला. ह्या दोन नांवाजलेल्या भावंडांच्या मध्यें हें एक अबोल, काळवंडलेलें भावंड सांपडलें. १९५५ सालीं व्हेनिसला त्याचें स्वागत थंडपणानेंच झालें, पुढें त्याला कात्री लागली, आणि अमेरिकेच्या प्रेक्षकांपुढें यावयास त्याला १९६४ साल उजाडावें लागलें.

कथा अशी. ऑगुस्तो, ‘पिकासो’ आणि रॉबेर्तो हे तिघे भामटे. ऑगुस्तो पन्नाशीकडे झुकलेला, अंगानें जाड, डोळ्यांनीं थकलेला. बाकीचे दोघे वयानें लहान. ‘पिकासो’ हें चित्रकार होण्याची हौस असलेल्या तरुणाचें टोपणनांव. त्याला एक लहान मुलगी आहे, आणि जीव लावणारी बायको आहे; ती भूमिका फेलिनीची पत्नी जुलिएत्ता मासिना हिनें केली आहे. हे तिघे मोटारींत बसून खेड्यांत जातात. ऑगुस्तोच्या अंगावर वरिष्ठ पाद्र्याचा झगा असतो. शेतावरच्या बायकांना ते सांगतात कीं, एका पापी माणसानें मरतांना कबुली दिली आहे. त्यानें मारलेल्या सोबत्याचीं हाडें आणि चोरीचें जवाहीर तुमच्याच शेतांत पुरलेलें आहे. तें धन जमिनीच्या मालकास मिळावें, मात्र मृताच्या आत्म्यास शांति मिळावी म्हणून इतक्या इतक्या प्रार्थना पैसे भरून म्हणवाव्या. खणल्यावर हाडें निघतात, पेटीहि निघते, कारण तीं ह्यांनींच पुरून ठेवलेलीं असतात. दागिने खोटे, आणि प्रार्थनांसाठीं म्हणून घेतलेले पैसे तेवढे खरे!

दुसऱ्या खेपेस हेच लोक सरकारी अधिकारी बनून रोमच्या कडेच्या झोपड्यांत शिरतात आणि नव्या घरांचा पहिला हप्ता गोळा करतात. महायुद्धानंतर इटलींत राहत्या जागेचें दुर्भिक्ष होतें. १९४९ सालीं सरकारनें कामकरी वर्गासाठीं घरें बांधण्याची मोठी योजना हातीं घेतली होती. त्यामुळें यादींत आपलें नांव लागलें कीं नाहीं हें विचारीत मोटारीभोंवतीं धांवणारीं तीं माणसें कल्पनेंतलीं वाटत नाहींत.

ऑगुस्तोला एक मुलगी आहे. बायकोपासून तो कधींच दुरावला आहे. मुलीला पुढें शिकावयाचें आहे. त्यासाठीं नोकरी हवी, आणि नोकरीसाठीं अनामत रक्कम भरावयाची आहे. बाप ती देण्याचें कबूल करतो, तिला घेऊन चित्रपटगृहांत जातो, आणि तेथेंच पूर्वीं फसविलेला एक मनुष्य त्याला ओळखतो. मुलीच्या डोळ्यांदेखत पोलीस त्याला घेऊन जातात. तुरुंगांतून सुटल्यावर तो नव्या सोबत्यांसह पुनः तोच झगा चढवितो. ह्या वेळीं शेतकऱ्याच्या घरीं एक पांगळी मुलगी आहे. ती त्याला खरा धर्मगुरु समजून आपलें मन उघडें करते आणि माझ्यासाठीं प्रार्थना करा असें विनविते. परतीच्या वाटेवर ऑगुस्तो सोबत्यांस सांगतो कीं, मला दया आली, मी पैसे परत केले. त्यांचा विश्वास बसत नाहीं. मारामारी होते, आणि पैसे त्याच्याच अंगावर लपविलेले सांपडतात. ते त्याला दगडांच्या उतारावर टाकून पैशांसह निघून जातात. तो कसाबसा रस्त्यापर्यंत सरपटत येतो. मोळ्या घेतलेल्या बायका आणि मुलें रस्त्यानें जात असतात. त्याची हांक त्यांच्यापर्यंत पोचत नाहीं, आणि तेथेंच तो मरतो.

आतां मतांकडे वळूं. ‘ला स्त्रादा’ पाहून डोळे पुसलेल्या प्रेक्षकांस ह्यांत माया लावावी असें कोणी भेटलें नाहीं. वास्तववादाचे अभिमानी इटालियन टीकाकार ‘ला स्त्रादा’पासूनच फेलिनीवर रुष्ट होते, समाजाच्या दुःखाऐवजीं हा आत्म्याच्या उद्धाराची भाषा बोलतो, असा त्यांचा आक्षेप होता. उलट फ्रान्समध्यें आंद्रे बाझँ आणि फ्रान्स्वा त्र्युफो ह्यांनीं चित्रपटाची बाजू उचलून धरली. ऑगुस्तोची भूमिका करणारा ब्रॉडरिक क्रॉफर्ड हा अमेरिकन नट. १९४९ च्या एका चित्रपटांतील राजकारणी पुढाऱ्याच्या भूमिकेबद्दल त्याला ऑस्कर मिळालें होतें. त्याच्या तोंडचें इटालियन दुसऱ्याच्या आवाजांत भरलेलें आहे. त्यामुळें तो लाकडासारखा वाटतो असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्याचा चेहरा आयुष्यभर खोटें बोलण्यांत झिजला, त्याचा आवाजहि त्याचा स्वतःचा वाटूं नये, हें आम्हांस अनायासें जुळलेलें दिसतें.

आमच्या घरचें मत विचाराल, तर तीं तीन झालीं. थोरल्या बंधूंनीं हयातभर वकिली केली. ते म्हणाले, “पैसे अंगावर सांपडले, खटला तेथेंच संपला. ह्यानें परक्यांस फसविलें, शेवटीं सोबत्यांसहि फसविलें. पश्चात्ताप कसला?” वहिनींस हें मान्य नव्हतें. “त्यानें पैसे ठेवले ते मुलीच्या अनामतीसाठीं. पाप खरेंच, पण आयुष्यांत पहिल्यानें तें दुसऱ्या कोणासाठीं केलेलें पाप आहे.” चिरंजीवांचें म्हणणें निराळेंच. त्यांच्या मतें दिग्दर्शकानें त्या माणसास इतका वेळ दगडांत सरपटत ठेविलें तें आपल्याकडून दया उकळण्यासाठीं, म्हणजे हीहि एक भामटेगिरीच!

आत्या इतका वेळ सुपारी कातरीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, पण त्या पांगळ्या पोरीच्या बापाचे पैसे कोठें गेले?”

कोणासच उत्तर सुचेना. पैसे मोटारींतून गेले होते. आम्हीं सर्वांनीं तें पाहिलें होतें, आणि एकाच्याहि तें ध्यानांत राहिलें नव्हतें. भामट्याच्या आत्म्याचा न्याय करण्यांत आम्ही इतके गुंतलों कीं, लुबाडलेल्यांची आठवणहि आम्हांस राहिली नाहीं.

वाचकांस येथें एक घरगुती गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या दारीं एक भगवीं वस्त्रें ल्यालेला गृहस्थ आला. घरांत ग्रहपीडा आहे, शांति न केल्यास एका मुलास धोका आहे, असें त्यानें सांगितलें, आणि आत्यांनीं हातांतल्या पाटल्या काढून दिल्या. तो पुनः दिसला नाहीं. आत्यांस कोणी रागें भरलें नाहीं. परंतु त्याच महिन्यांत कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेवरून दुसरीकडे गेला, आणि पाटल्यांची गोष्ट आमच्या घरांत लग्नाकार्यांतून हंशासाठीं सांगितली जाऊं लागली. ती सांगण्यांत आम्हीहि मागें नव्हतों. कोणत्या मुलास धोका आहे म्हणून तो म्हणाला होता, हें आम्हीं त्यांस कधीं विचारलें नाहीं. त्या रात्रीं विचारलें. त्यांनीं आमच्याकडे बोट दाखविलें.

असल्या फसवणुकीचें मर्म फेलिनीनें बरोबर ओळखलें आहे. त्या शेतकरणींस नुसता लोभ असता, तर पाद्र्याच्या झग्याची गरज पडली नसती. नुसती श्रद्धा असती, तर जवाहिराची पेटी पुरावी लागली नसती. भीति, आशा, धर्म आणि घरच्यांची काळजी हीं सर्व एकत्र गुंफलेलीं असतात, आणि भामटा त्यांतला नेमका धागा ओढतो. फसणारें माणूस मूर्ख असतेंच असें नाहीं. पुष्कळदां ज्याच्यापाशीं गमावण्यासारखें मायेचें माणूस असतें, तेंच फसतें.

ऑगुस्तोनें मरतांना खरा पश्चात्ताप केला कीं नाहीं, ह्याविषयीं आमचें मत अजून ठरलेलें नाहीं. वाचकांनीं चित्रपट पाहून आपापलें मत अवश्य कळवावें. मात्र तो घरांतील वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन पाहावा, आणि नंतर प्रथम त्यांस बोलूं द्यावें, इतकी आमची सूचना आहे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आत्यांनीं आरंभींचा शेताचा भाग पुनः लावावयास सांगितला. पैसे मोजून देतांना त्या बायकांचे चेहरे त्यांस नीट पाहावयाचे होते.